बेरोजगारीच्या मदतीचे ९० दिवस आणि मध्येच लागलेली नोकरी: परत नेमके किती करायचे?

बुटीबोरीकर | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. हा प्रश्न मी माझ्या मोठ्या भावाच्या वतीने विचारत आहे. त्याला आलेले पत्र इंग्रजीत आहे, आणि ‘वसुली’ हा शब्द कोणीतरी समजावून सांगितल्यापासून त्याचे जेवणाखाण्यात लक्ष नाही. प्रकरण थोडे सविस्तर मांडतो.

दादा मार्च २०२२ पासून नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका पॅकेजिंग कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीन ऑपरेटर होता. पगार दरमहा १६,००० रुपये होता आणि त्यातून ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) वर्गणीचे १२० रुपये नियमित कापले जात होते. जुलै २०२४ अखेर कंपनीने त्या ठेकेदाराचा ठेका वाढवला नाही. ३१ तारखेला पाळी सुटताना सुपरवायझरने सगळ्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे सांगितले. कामावरून कमी केल्याचे पत्र कोणालाही मिळाले नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबर दादा घरीच होता. ७ ऑक्टोबरपासून तो मिहान परिसरातील एका गोदामात जाऊ लागला, परंतु तेथे पहिला महिना ‘ट्रायल’ असल्याचे सांगण्यात आले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याकडून त्याला ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची, म्हणजे नोकरी गेलेल्या विमाधारकाला मिळणाऱ्या मदतीची, माहिती मिळाली आणि त्याने नेट कॅफेत जाऊन अर्ज भरून घेतला. कॅफेवाल्याने ‘जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळतात, तेवढेच टाकू’ असे म्हणून १ ऑगस्ट ते २९ ऑक्टोबर असा कालावधी टाकला आणि दादाने सही केली. डिसेंबरमध्ये खात्यात २३,६७० रुपये जमा झाले.

आता ईएसआय कार्यालयाचे १० फेब्रुवारीचे पत्र १४ तारखेला हातात पडले आहे. त्यात तीन मुद्दे आहेत. नव्या मालकाने ७ ऑक्टोबरपासूनची वर्गणी भरली आहे. जुन्या ठेकेदाराने ऑगस्ट महिन्यात सहा दिवसांची हजेरी दाखवली आहे. आणि त्याच ठेकेदाराने नोकरी संपण्याचे कारण ‘लेफ्ट सर्व्हिस’ (नोकरी सोडली) असे नोंदवले आहे. त्यामुळे पूर्ण २३,६७० रुपये का वसूल करू नयेत, याचा खुलासा पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मागितला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पूर्ण रक्कम परत करावी लागेल की फक्त ऑक्टोबरमधल्या दिवसांची? ठेकेदाराने चुकीचे कारण टाकले असेल तर दादा अपात्र ठरतो का? रक्कम हप्त्यांनी देता येईल का? आणि सर्वात मोठी काळजी म्हणजे वहिनींचे बाळंतपण एप्रिलमध्ये आहे आणि त्यांची तपासणी सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयात सुरू आहे. या भानगडीत ते उपचार थांबतील का?

संत्रानगरी_७ | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री १०.१५

घाबरण्याचे कारण नाही. चुकून जास्त दिलेली रक्कम खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून वसूल करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातील निकाल आहे. माझ्या काकांची निवृत्तीनंतरची वसुली याच निकालाच्या आधारे थांबली. पत्राच्या उत्तरात तो निकाल नमूद करा आणि एक रुपयाही देऊ नका.

टाइमकीपर_निवृत्त | १८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.०५

मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात चोवीस वर्षे काढली आहेत आणि ईएसआयचे महिन्याचे विवरण भरण्याचे काम माझ्याच टेबलावर असे, म्हणून थोडे लांब लिहितो.

आधी पात्रतेचे पाहू, कारण ती टिकली तरच बाकीच्या हिशेबाला अर्थ आहे. ही योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मदत मिळत असे आणि बेकारीचे ९० दिवस गेल्यावरच दावा करता येत असे. कोरोनाच्या काळात, म्हणजे २४ मार्च २०२० पासून, मदत ५० टक्के झाली आणि थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली. त्यापूर्वी दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागत असे; आता कामगार तो स्वतः शाखा कार्यालयाला देऊ शकतो. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली असून ती ३० जून २०२६ पर्यंत वाढवण्यात आली.

अटी अशा आहेत की बेकार होण्याच्या लगेच आधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी, बेकारीच्या लगतच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात तरी पुन्हा ७८ दिवस भरलेले असावेत. वर्गणी कालावधी म्हणजे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तुमचे दादा मार्च २०२२ ते जुलै २०२४ सलग कामावर होते, त्यामुळे कोणत्याही बाजूने मोजले तरी दिवसांची अट त्यांनी ओलांडलेली आहे.

अपात्रता कोठे येते ते आता पाहा. स्वतःहून नोकरी सोडली, शिस्तभंगाच्या कारवाईत काढले गेले, बेकायदा ठरलेल्या संपात किंवा टाळेबंदीत दिवस गेले, निवृत्तीचे वय झाले, किंवा कायद्याच्या कलम ८४ खाली शिक्षा झाली, तर मदत मिळत नाही. मदतीच्या काळात दुसरीकडे नोकरी लागली तर त्या दिवसापासून मदत बंद होते. या शेवटच्या वाक्यावर तुमचा ऑक्टोबर अडकलेला आहे, आणि पहिल्या वाक्यावर ‘लेफ्ट सर्व्हिस’.

आता त्या ‘लेफ्ट सर्व्हिस’ची गोष्ट. मासिक विवरणात ज्या कामगाराची हजेरी शून्य आहे त्याच्यासमोर कारण निवडावे लागते, आणि त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’, ‘निवृत्त’, ‘रिट्रेंचमेंट’ (कामगार कपात), ‘नो वर्क’ असे वेगवेगळे पर्याय असतात. ठेकेदाराकडे काम करणारा मुलगा सवयीने ‘लेफ्ट सर्व्हिस’ निवडतो, कारण त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. ‘रिट्रेंचमेंट’ निवडले की नोटीस दिली का, भरपाई दिली का, अशी चौकशी मागे लागेल अशी भीती असते. मी स्वतः हे अनेकदा दुरुस्त करायला लावले आहे. म्हणून कार्यालयाने त्यांच्यासमोर जे दिसते त्यावरून प्रश्न विचारला, यात त्यांची चूक मानता येणार नाही. मात्र उत्तर देताना ती नोंद कामगाराने केलेली नसून ठेकेदाराने केलेली आहे, हे ठामपणे मांडले पाहिजे.

आता हिशेब. सरासरी रोजची कमाई काढताना मागील चार वर्गणी कालावधींतील एकूण कमाईला ७३० ने भागतात. दरमहा १६,००० धरल्यास चोवीस महिन्यांचे ३,८४,००० रुपये होतात, त्याला ७३० ने भागल्यास ५२६ रुपये येतात आणि त्याच्या निम्मे २६३ रुपये. नव्वद दिवसांचे बरोबर २३,६७० होतात, म्हणजे तुमची रक्कम याच हिशेबाने आलेली आहे. १ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर हे ६७ दिवस, त्यांचे १७,६२१ रुपये. ७ ते २९ ऑक्टोबर हे २३ दिवस, त्यांचे ६,०४९ रुपये. माझ्या मते हे ६,०४९ परत करायचे आहेत आणि ते आजच भरून टाकावेत, म्हणजे प्रामाणिकपणा दिसेल.

‘ट्रायल’बद्दल मनात संभ्रम ठेवू नका. ईएसआयमध्ये ट्रायल, प्रोबेशन असले काही चालत नाही. मजुरी सुरू झाली त्या दिवसापासून माणूस विमाधारक असतो. नव्या मालकाने ७ तारखेपासून वर्गणी भरली हे त्याने योग्यच केले.

ऑगस्टमधील सहा दिवसांचे मात्र मला कोडे आहे. दादांचा विमा क्रमांक वापरून वर्गणीचा इतिहास काढा, उमंग या सरकारी अॅपवरही तो दिसतो, आणि जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांचे दिवस व मजुरी येथे लिहा.

अधिवक्ता_बर्डी | १८ फेब्रुवारी २०२५, दुपारी १.२०

टाइमकीपर साहेबांनी पात्रतेचा भाग उत्तम मांडला आहे. मी कामगार न्यायालयांत काम करते, त्यामुळे दोन गोष्टी दुरुस्त करणे आवश्यक वाटते.

पहिली, रफिक मसीह. तो निकाल मालकाने, विशेषतः सरकारने, आपल्याच कर्मचाऱ्याला चुकीने जास्त वेतन दिले त्या परिस्थितीबद्दल आहे. तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम मिळत राहिलेले, अशा काही प्रसंगांत वसुली अन्यायकारक ठरते, असे न्यायालयाने सांगितले. संत्रानगरी यांच्या काकांना त्याचा लाभ झाला असेल, त्यात आश्चर्य नाही. येथे मात्र वेतनाचा प्रश्नच नाही, आणि चूक देणाऱ्याची नसून अर्जातील तारखांची आहे. शिवाय २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच असे म्हटले आहे की जास्त रक्कम परत करण्याची हमी ज्याने आधीच लिहून दिली आहे त्याला या संरक्षणाचा आधार घेता येत नाही. ईएसआयच्या उत्तरात हा निकाल टाकला तर वाचणाऱ्याला एवढेच कळेल की उत्तर देणाऱ्याने कायदा पाहिलेला नाही.

येथे लागू होणारे कलम म्हणजे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ चे कलम ७०. कायदेशीर हक्क नसताना ज्याला लाभ किंवा रक्कम मिळाली असेल त्याने ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाला परत केली पाहिजे, असे ते सांगते. त्यात हेतूचा विचार नाही. निष्पापपणे मिळालेली जास्तीची रक्कमही परत करायचीच असते. ती न दिल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. व्याजाचा उल्लेख त्या कलमात नाही. हप्त्यांचा हक्कही त्यात दिलेला नाही, पण हप्त्यांची विनंती करण्यास कोणतीही आडकाठी नाही आणि ती लेखी करावी.

परंतु ‘हक्क नसताना मिळालेली’ हे शब्द लक्षपूर्वक वाचा. बेकारीच्या ज्या ६७ दिवसांना हक्क होता, तेवढी रक्कम या कलमात बसत नाही. योजनेतही पुन्हा नोकरी लागल्यास नोकरी गेल्यापासून नवी नोकरी लागेपर्यंतची मदत देय असते. म्हणून पूर्ण रकमेची मागणी तेव्हाच टिकेल जेव्हा दादांनी नोकरी स्वतःहून सोडली असे सिद्ध होईल. सगळा वाद त्या एका नोंदीवर आहे, आणि तीच लढवायची आहे.

दुसरी गोष्ट टाइमकीपर साहेबांच्या ‘आजच भरून टाका’ या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, तरी मी असे करणार नाही. कलम ८४ प्रमाणे लाभ मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यातील कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’ हा आहे. कोणताही खुलासा न देता पैसे भरले तर ते कशाबद्दल भरले हे कागदावर राहत नाही, आणि उरलेल्या १७,६२१ बद्दल आपण काहीच म्हटले नाही असा अर्थ निघू शकतो. आधी लेखी खुलासा, त्यात २३ दिवसांची रक्कम परत करण्याची तयारी, भरण्याची पद्धत लेखी कळवण्याची विनंती, आणि नंतर त्या लेखी मागणीप्रमाणे भरणा, हा क्रम ठेवा. कोणाच्याही हातात रोख देऊ नका.

कॅफेवाल्याने भरले, मला माहीत नव्हते, असा सूर मात्र खुलाशात लावू नका. सही दादांची आहे. जे घडले ते सरळ लिहा: कामाचा पहिला महिना ट्रायल असल्याचे सांगितल्यामुळे ती नोकरी धरली जात नाही असा समज होता, तो चुकीचा होता. एवढेच पुरेसे आहे.

टाइमकीपर_निवृत्त | १८ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.५०

मॅडमचे म्हणणे मान्य. आमच्या काळात साहेबासमोर जाऊन पैसे टेबलावर ठेवले की अर्धे काम होत असे, ती सवय अजून गेलेली नाही.

वहिनींबद्दल लिहायचे राहिले. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या कालावधीतील वर्गणीचा लाभ कालावधी, म्हणजे त्या वर्गणीवर लाभ मिळण्याचा काळ, १ जानेवारी ते ३० जून २०२५ हा येतो. एप्रिल ते जुलै चार महिने दादा पूर्ण कामावर होते, म्हणजे ७८ पेक्षा कितीतरी जास्त दिवस झाले. त्याशिवाय सध्याच्या नोकरीची वर्गणी चालूच आहे. वसुलीचे पत्र आले म्हणून कुटुंबाचे औषधोपचार थांबत नाहीत. कलम ८४ खाली शिक्षा झाली तर काही काळ रोख लाभ बंद होतात, पण तुमचे प्रकरण त्यापासून फार दूर आहे. वहिनींचे नाव दादांच्या ई-पहचान कार्डावर कुटुंबीय म्हणून आहे ना, आणि नव्या नोकरीतही तोच जुना विमा क्रमांक चालू आहे ना, एवढे तपासा. नवा क्रमांक काढून ठेवणारे ठेकेदार कमी नाहीत, आणि दोन क्रमांक झाले की सगळी वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते.

गिट्टीखदान_रहिवासी | १९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.३०

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या भाच्याची नोकरी गेली आहे आणि त्याच्या मोबाईलवर ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता’ म्हणून दरमहा रक्कम मिळण्याची लिंक आली आहे. तो कोठेही ईएसआयमध्ये नव्हता. तीच ही योजना आहे का?

अधिवक्ता_बर्डी | १९ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२.१०

नाही. त्या नावाची केंद्र सरकारची कोणतीही योजना नाही आणि असे संदेश खोटे असल्याचे सरकारने जाहीर केलेले आहे. लिंकवर बँकेची माहिती देऊ नये. येथे चर्चेत असलेली मदत फक्त ईएसआयच्या विमाधारकांना मिळते. ग्रामीण भागात रोजगार हमीचे काम मागूनही पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेरोजगार भत्त्याची तरतूद २००५ च्या कायद्यात आहे, तो पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा असतो. पण नागपूर शहरातील गिट्टीखदानमध्ये राहणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना हे विद्यावेतन आहे, भत्ता नव्हे. भाच्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

बुटीबोरीकर | २० फेब्रुवारी २०२५, रात्री ८.५५

सर्वांचे मनापासून आभार. वर्गणीचा इतिहास काढला. जून २०२४ चे २५ दिवस आहेत, जुलैचे २० आणि ऑगस्टचे ६. सप्टेंबरमध्ये शून्य दिवस आणि कारण ‘लेफ्ट सर्व्हिस’, शेवटचा कामाचा दिवस ६ ऑगस्ट.

दादाकडे जुलैचे हजेरी कार्ड आहे, त्यावर सुपरवायझरच्या सहीसह २६ दिवस आहेत. बँकेच्या पासबुकात जुलैचा पगार दोन वेळा आलेला दिसतो, १० ऑगस्टला वीस दिवसांचा आणि १२ सप्टेंबरला उरलेले ३,६९२ रुपये. ते तेव्हा ठेकेदाराकडे तगादा लावून मिळवले होते. विमा क्रमांक जुनाच आहे आणि वहिनींचे नाव कार्डावर आहे.

दादाचे म्हणणे असे पडले की सोडून द्या, सगळे पैसे भरून मोकळे होऊ, कोर्टकचेरी नको. त्याला काय सांगू?

टाइमकीपर_निवृत्त | २१ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.४५

सहा दिवसांचे कोडे सुटले. वीस आणि सहा मिळून सव्वीस. ३,६९२ म्हणजे १६,००० भागिले २६ गुणिले ६, रुपयापर्यंत जुळते. जुलैची उरलेली मजुरी ठेकेदाराने उशिरा दिली आणि जुलैच्या विवरणाची मुदत १५ ऑगस्टला संपून गेली होती, म्हणून ती ऑगस्टच्या विवरणात घुसवली. सहा दिवस दाखवायचे म्हणून शेवटचा दिवसही ६ ऑगस्ट करून टाकला. मजुरी ज्या महिन्याची त्याच महिन्यात दाखवावी लागते, हे त्याला कळत नसेल असे मी मानणार नाही.

हजेरी कार्ड, पासबुकाची दोन पाने आणि वर्गणीचा इतिहास, हे तिन्ही एका पिनेत लावा. शिवाय मूळ कंपनीकडे एक अर्ज द्या. ठेक्यावरील कामगारांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर असते, त्यामुळे कंपनी ‘आमचा संबंध नाही’ असे म्हणू शकत नाही. तिच्याकडून फक्त एवढेच मागा की अमुक ठेकेदाराचा ठेका ३१ जुलै २०२४ रोजी संपला आणि त्यानंतर त्याचे कामगार गेटच्या आत आले नाहीत. अशा पत्राने कंपनीचे काही जात नाही, म्हणून ते बहुधा मिळते. ठेकेदारालाही पोस्टाने पत्र टाका आणि नोंद दुरुस्त करण्यास सांगा. तो करील असे नाही, पण मागणी केल्याचा पुरावा राहील.

दादांना सांगा की १७,६२१ रुपये म्हणजे त्यांच्या महिनाभराच्या पगारापेक्षा जास्त आहेत. आणि पूर्ण रक्कम निमूट भरली तर त्यांनी नोकरी स्वतःहून सोडली, हे त्यांनीच मान्य केल्यासारखे होईल.

अधिवक्ता_बर्डी | २१ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.३०

कोर्टकचेरीची वेळ अद्याप आलेली नाही. हे खुलाशाचे पत्र आहे, आदेश नव्हे. खुलासा नाकारून पूर्ण वसुलीचा आदेश झालाच तर तो वाद कलम ७५ प्रमाणे कर्मचारी विमा न्यायालयापुढे नेता येतो आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. दादांना घाई करून निर्णय घेण्याचे कारण नाही; घाई फक्त खुलाशाची आहे. पत्र १४ तारखेला मिळाले म्हणजे पंधरा दिवस १ मार्चला संपतात, तो शनिवार आहे, आणि मधल्या बुधवारी, २६ तारखेला, महाशिवरात्रीची सुट्टी आहे. सोमवार किंवा मंगळवारीच देऊन टाका.

मजकूर साधारण असा ठेवावा. तारखा आणि क्रमांक आपले घाला:

‘आपले पत्र मला १४ फेब्रुवारी २०२५ रोजी मिळाले. मी ३१ जुलै २०२४ पर्यंत ठेकेदारामार्फत कामावर होतो. त्या दिवशी ठेका संपल्यामुळे माझ्यासह सर्व कामगारांचे काम बंद करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही आणि नोकरी स्वतःहून सोडलेली नाही. सप्टेंबर २०२४ च्या विवरणातील कारणाची नोंद ठेकेदाराने माझ्या माहितीशिवाय केलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दाखवलेले सहा दिवस हे जुलै महिन्यातील कामाचे असून त्यांची मजुरी मला १२ सप्टेंबर रोजी मिळाली. हजेरी कार्ड व पासबुकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मला ७ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नोकरी मिळाली. पहिला महिना ट्रायलचा असल्याने तो नोकरीत धरला जात नाही अशा समजुतीने मी २९ ऑक्टोबरपर्यंतचा कालावधी नमूद केला, ती माझी चूक आहे. ७ ते २९ ऑक्टोबर या २३ दिवसांची रक्कम परत करण्यास मी तयार आहे. त्या रकमेचा हिशेब आणि ती भरण्याची पद्धत लेखी कळवावी व शक्य असल्यास तीन मासिक हप्ते मंजूर करावेत. १ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर या कालावधीतील मदतीस मी पात्र असल्याने त्या रकमेची वसुली करू नये, ही विनंती.’

यात एकही विशेषण नाही, ते मुद्दाम. ठेकेदाराबद्दलचा राग येथे लिहू नका. ‘ठेका संपला’ ही कायद्याच्या अर्थाने कामगार कपात आहे का, या वादातही या पत्रात शिरू नये. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मुदतीचा करार संपणे आणि कपात यांत फरक केला जातो, आणि कपात किंवा कारखाना बंद पडल्यावर मिळणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना ही वेगळी, २००५ पासूनची, जास्तीत जास्त चोवीस महिन्यांची सोय आहे. अटल योजनेत आपल्याला एवढेच दाखवायचे आहे की काम गेले ते कामगाराच्या इच्छेने गेले नाही.

संत्रानगरी_७ | २२ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.००

माझा पहिला सल्ला चुकीचा होता, तो मागे घेतो. निकाल कोणाच्या बाबतीत आहे ते वाचल्याशिवाय मी लिहायला नको होते. ठेकेदाराला पाठवायचे पत्र पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, एवढी एकच भर घालतो.

बुटीबोरीकर | २५ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.३५

आज खुलासा दिला. कंपनीच्या कार्मिक विभागाने अपेक्षेपेक्षा लवकर, म्हणजे सोमवारीच, ठेका ३१ जुलैला संपल्याचे दोन ओळींचे पत्र दिले, तेही सोबत जोडले. ठेकेदाराचे पत्र रजिस्टर्डने गेले.

खिडकीवरील कर्मचाऱ्याने पाने चाळून ‘कागद व्यवस्थित लावले आहेत’ असे म्हटले आणि आवक क्रमांक टाकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का दिला. रकमेचे लेखी कळवू, तोपर्यंत काही भरू नका, असेही सांगितले. दादाने ‘ती माझी चूक आहे’ हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले. ते वाक्य काढून टाकू का, असे मी दोनदा विचारले, तर त्याने नको म्हटले. ६,०४९ रुपये त्याने पोस्टाच्या बचत खात्यात वेगळे ठेवले आहेत. पुढे जे कळेल ते याच धाग्यावर लिहीन.

टाइमकीपर_निवृत्त | २५ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.१०

छान झाले. शिक्क्याची शाई उडते, तेव्हा पोच मिळालेल्या प्रतीचे आजच दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत वहिनींच्या दवाखान्याच्या फायलीत ठेवू नका, वेगळी ठेवा.